'द रायडर' : पाहण्याआधी आणि पाहिल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावी पंधरा-वीस जण मिळून आम्ही महिन्याला एक चित्रपट पाहतो. पडदा म्हणजे लग्नाच्या हॉलची पांढरी भिंत. 'द रायडर' आतापर्यंत दोनदा लावला आणि दोन्ही वेळा लोक चहा गार होईपर्यंत बोलत बसले. तेव्हाचे आणि नंतर फोनवर आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. उत्तरं माझी आहेत, पटली नाहीत तर भांडायला यावं. ज्या प्रश्नांत गोष्ट फुटते तिथे तसं आधीच सांगितलंय.

थोडक्यात, कशाबद्दल आहे हा चित्रपट?

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, बॅडलँड्सच्या उघड्या माळावर ब्रेडी ब्लॅकबर्न नावाचा तरुण राहतो. अंगावर हात ठेवू न देणारे घोडे वठणीवर आणायचे हे त्याचं काम. रोडिओत, म्हणजे तिथल्या गुराख्यांच्या पैजेच्या खेळात, उधळत्या घोड्यावर मांड टिकवायची ही त्याची पंचक्रोशीतली ओळख. एका रोडिओत तो पडतो, घोड्याचा पाय डोक्यावर येतो, कवटी फुटते. आता पुन्हा घोड्यावर बसायचं नाही असं डॉक्टर बजावतात. चित्रपट सुरू होतो तो इथून पुढे. घरात वडील आहेत, धाकटी बहीण लिली आहे. आई वारलेली आहे.

लेखन आणि दिग्दर्शन क्लोई झाओ यांचं. २०१७ चा चित्रपट, लांबी पावणेदोन तासांना एखादं मिनिट कमी.

ही खरी गोष्ट आहे का?

हा प्रश्न पहिल्यांदा येतो आणि त्याचं उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही.

ब्रेडीची भूमिका करणारा ब्रेडी जँड्रो हा व्यवसायाने नट नव्हे. तो खरोखर घोडे तयार करणारा, खरोखर रोडिओ खेळणारा. एप्रिल २०१६ मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गो इथे घोड्याचा पाय त्याच्या डोक्यावर पडला. कवटी फुटली, मेंदूत रक्तस्राव झाला, डोक्यात धातूची पट्टी बसवावी लागली. त्याच वर्षी काही महिन्यांनी चित्रीकरण सुरू झालं. पडद्यावर त्याच्या डोक्यावर दिसणारी जखम ही अशी.

झाओ आणि त्याची ओळख अपघाताच्या आधीपासूनची. आपला पहिला चित्रपट त्यांनी याच भागात केला होता, त्यानंतर एका रँचवर, म्हणजे गुरं-घोडे पाळायच्या मोठ्या माळावर, हा मुलगा त्यांना भेटला. त्याने त्यांना घोड्यावर बसायला शिकवलं. याला घेऊन काहीतरी करायचं हे त्यांच्या मनात होतं, पण गोष्ट सापडत नव्हती. अपघात झाला आणि तो घरी आल्याबरोबर, डॉक्टरांचं न ऐकता, पुन्हा घोड्यांकडे वळला. गोष्ट तिथे सापडली.

वडील म्हणजे त्याचे खरे वडील टिम जँड्रो, बहीण म्हणजे खरी बहीण लिली. कॅट क्लिफर्ड, लेन स्कॉट हे मित्र खरे, त्यांची पडद्यावरची नावंही तीच. आडनाव मात्र बदललंय. प्रसंगांची जुळणी, संवादांचा सांगाडा, कुठे काय घडतं हे सगळं लिहिलेलं आहे. म्हणजे माणसं खरी, जखम खरी, घोडे खरे आणि कथानक रचलेलं. याला माहितीपट म्हणू नये. तसं म्हटलं की झाओंचं लेखन आणि जँड्रोचा अभिनय, दोन्ही खाली पडतात. स्वतःचीच भूमिका करणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी मोबाइल समोर ठेवून स्वतःचं एक मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून पाहावं.

रोडिओ म्हणजे नेमकं काय? आठ सेकंदांचा एवढा बाऊ कशाला?

'रोडिओ' हा शब्द स्पॅनिश. वेढा घालून गुरं गोळा करणं असा त्याचा मूळ अर्थ. रँचवर गुरं राखणाऱ्यांची रोजची कामं, म्हणजे दोरी टाकून वासरू धरणं, नवा घोडा वठणीवर आणणं, हळूहळू पैजेची झाली आणि पैजेचा खेळ झाला. साउथ डकोटाचा तर तो अधिकृत राज्यखेळ आहे.

ब्रेडीचा प्रकार खोगिराचा ब्रॉन्को, म्हणजे खोगीर घातलेल्या उधळत्या घोड्यावरची स्वारी. स्वार एका हातात जाड विणलेली दोरी धरतो. दुसरा हात हवेत. तो घोड्याला, खोगिराला किंवा स्वतःच्या अंगाला लागला की बाद. फाटक उघडल्यावर घोड्याच्या पहिल्या उडीला स्वाराच्या टाचा त्याच्या खांद्यांच्या वर लागलेल्या पाहिजेत, नाहीतर तिथेच बाद. मग आठ सेकंद टिकायचं. गुण शंभरपैकी, आणि त्यातले निम्मे घोड्याचे. घोडा बोथट निघाला तर उत्तम स्वारही मागे पडतो, म्हणून स्वाराला खोडकर घोडाच हवा असतो. हे कळल्यावर चित्रपट वेगळा दिसायला लागतो: ज्या जातीच्या घोड्याने याचं डोकं फोडलं त्याच जातीच्या घोड्यावर याचं प्रेम आहे. हा वेडेपणा नाही, खेळाचा हिशेबच तसा आहे.

आठ सेकंद म्हणजे किती? हे वाक्य मोठ्याने दोनदा वाचा, साधारण तेवढे.

ब्रेडीच्या हाताला काय होतं?

मेंदूला झालेल्या इजेमुळे येणारा झटका. अख्खं अंग न आखडता एकच भाग आखडतो. त्याची मूठ मिटते आणि उघडत नाही. दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवावं लागतं. हा हात कोणता? दोरी धरण्याचा. स्वाराला जो हात वेळेवर सोडता आला पाहिजे नेमका तोच सुटत नाही. पटकथेत कोणी सुचवलं असतं तर 'फारच जुळवून आणलंय' म्हटलं असतं.

सुरुवातीचाच एक प्रसंग नाजूक मनाच्या लोकांनी सांभाळून पाहावा. रात्री उठून तो आरशासमोर डोक्यावरची पट्टी सोडतो आणि जखम शिवलेल्या धातूच्या टाचण्या चाकूच्या टोकाने स्वतःच उपसतो. मग डोक्याला प्लास्टिक गुंडाळून अंघोळीला जातो. संवाद नाही, संगीत नाही. दवाखान्यात परत जाऊन टाके काढून घ्यायला काय हरकत होती, असं आमच्याकडच्या एका परिचारिकेने तिथल्या तिथे विचारलं. पैसे, अंतर आणि हट्ट ही तिन्ही उत्तरं त्या एका प्रसंगात आहेत, कोणी बोलून दाखवत नाही एवढंच.

काउबॉय आणि रेड इंडियन एकमेकांचे वैरी ना? मग हा दोन्ही कसा?

आपण हे वैर जुन्या चित्रपटांतून शिकलो. ब्रेडी जिथला, त्या साउथ डकोटातल्या पाइन रिजवर, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या प्रदेशात, ते लागू पडत नाही.

ओग्लाला लाकोटा लोकांचा हा प्रदेश सुमारे ९ हजार चौरस किलोमीटरचा. ब्रेडी जँड्रो स्वतः लोअर ब्रूल सू जमातीचा, म्हणजे तोही लाकोटाच, पण वाढला पाइन रिजवर. लाकोटांकडे घोडा आला तो अठराव्या शतकात, स्पॅनिश लोकांनी आणलेल्या घोड्यांच्या पैदाशीतून. त्याआधी ओझी ओढायला कुत्री असत. म्हणून घोड्याला त्यांनी नाव दिलं 'शुंका वाकान', म्हणजे पवित्र कुत्रा. दोन-तीन पिढ्यांत त्यांचं शिकार, लढाई, लग्न, सगळं घोड्यावर आलं. मग रानगव्यांचे कळप गोऱ्यांनी संपवले. १८६८ च्या तहात कायमचे दिलेले ब्लॅक हिल्सचे डोंगर सोनं सापडल्यावर १८७७ मध्ये काढून घेतले. २९ डिसेंबर १८९० रोजी याच पाइन रिजवर, वूंडेड नी इथे, सैन्याने दीडशेहून जास्त लाकोटांना मारलं, त्यांत बायका-मुलं होती. उरलेल्यांपुढे जगायला जे पर्याय राहिले त्यांत गुरं आणि घोडे सांभाळणं हे एक होतं. घोडा अंगात मुरलेलाच होता. त्यामुळे लाकोटा काउबॉय ही तिथे नवलाची गोष्ट नाही.

जाता जाता एक. ब्लॅक हिल्सबद्दल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये भरपाई मंजूर केली, १० कोटी डॉलरच्या वर. जमातींनी ती नाकारली, आम्हाला पैसे नकोत, डोंगर हवेत म्हणून.

चित्रपटात यातलं काहीही सांगितलेलं नाही. कोणी इतिहासाचं भाषण देत नाही, पिसांचा टोप घालत नाही. शेकोटीभोवती पोरं बसतात, एकमेकांच्या मोडलेल्या हाडांची मोजदाद करतात, गाणी म्हणतात. मला हे फार आवडलं. आणि 'रेड इंडियन' हा शब्द आता सोडावा. लाकोटा म्हणावं, जीभ वळते.

यात रँच फारशी दिसतच नाही. मग रँचवरचं जगणं कसलं?

रँच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठा लाकडी वाडा, मालक, पाचशे गाई येतात. ब्रेडीचं घर म्हणजे माळावर उभं केलेलं ट्रेलरचं घर, त्याचंही भाडं थकलेलं. जमीन दुसऱ्याची, गुरं दुसऱ्याची. यांच्याकडे घोडे आणि हातातली कला. आजच्या तिथल्या रँच-जीवनाचा मोठा भाग हाच आहे. मालकापेक्षा रोजंदारीवर, कामावर, उक्त्यावर राबणारेच जास्त. कोणाचा नवा घोडा तयार करून द्यायचा आणि ठरलेले पैसे घ्यायचे.

माळाबद्दल सांगायचं तर पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माण-खटावच्या जवळपास. गवत तोकडं, म्हणून एका गाईमागे बरीच एकर जमीन लागते आणि घरं एकमेकांपासून लांब पडतात. वर हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली. शेजारी म्हणजे गाडीने अर्ध्या तासावरचा.

अपघातानंतर ब्रेडी सुपरमार्केटमध्ये कामाला लागतो. हातात बारकोड वाचायचं यंत्र, समोर डब्यांच्या रांगा. एक लहान मुलगा त्याला ओळखतो, फोटो मागतो. ब्रेडी फोटो काढू देतो आणि पुन्हा डबे लावायला लागतो. नोकरी वाईट नाही, वागवणारे लोकही वाईट नाहीत, आणि अवघड नेमकं तेच आहे. कोणावर चिडायचं?

दुःखाचा चित्रपट म्हणता, पण आईच्या जाण्यावर तर दोन मिनिटंच आहेत. दुःख नेमकं कोणाचं?

आई गेली ते दुःख आहेच. तिच्या थडग्यापाशी तो जातो, बाप आणि मुलगा तिच्याबद्दल फार बोलत नाहीत, आणि न बोलण्यामुळे घर कसं वाकडं झालंय ते दिसत राहतं. पण माझ्या मते चित्रपटातलं मोठं सुतक कामाचं आहे. माणूस जिवंत आहे आणि त्याचं काम वारलंय. अशा मरणाला तेराव्याची सोय नाही, भेटायला कोणी येत नाही; उलट 'जीव वाचला ना, मग झालं' असं जो तो सांगतो.

हे ब्रेडी कसं दाखवतो? रडून नाही. खोगीर विकायला तो गहाणवटीच्या दुकानात जातो. दुकानदार किंमत सांगतो. तो खोगिराकडे बघतो, आणि परत घेऊन येतो. एवढंच. माझ्या चुलत्यांनी शर्यतीचा बैल विकला तेव्हा बाजारातून येताना त्याचं दावं तेवढं परत आणलं होतं. सहा महिने ते पडवीतल्या खुंटीला होतं, कोणी काढायला सांगितलं नाही. चित्रपटातलं ते दुकान पाहताना मला ती खुंटी आठवली, त्यामुळे या प्रसंगाबद्दल माझं मत तटस्थ धरू नका.

दुसरं म्हणजे त्याचे मित्र. 'सगळ्यांनाच लागतं, झटक आणि चढ' हे ते प्रेमानेच म्हणतात. मर्दपणाची ही भाषा त्यालाही तोंडपाठ आहे, कालपर्यंत तोच ती दुसऱ्यांना सांगत होता. आता ती उलटून त्याच्यावर आली की त्याला उत्तर देता येत नाही.

घोडा वठणीवर आणायचा तो लांब प्रसंग शिकवलेल्या घोड्यावर केलाय का?

नाही, आणि आमच्याकडे टांगा चालवलेल्या एका आजोबांनी तो पाहता पाहताच ओळखला. "कान बघा त्याचे," ते म्हणाले. "शिकवलेल्या जनावराचे कान असे नसतात."

घोडा खरोखर कच्चा आहे आणि जँड्रो खरोखर त्याला तयार करतोय. कॅमेरा फक्त सोबत राहिलाय. आधी गोल कुंपणात घोडा भिंतीला धरून फिरतो, एक कान बाहेर, एक कान माणसाकडे. ब्रेडी त्याच्या बाजूला दोन पावलं टाकतो, घोडा थांबून तोंड वळवतो, त्या क्षणी ब्रेडी अंग सैल सोडून मागे होतो. दाब द्यायचा, आणि जनावराने होकार दिला की लगेच सूट द्यायची. सूट वेळेवर दिली नाही तर घोडा एवढंच शिकतो की हा माणूस ऐकत नाही. मग मानेवर तळहात, पाठीवर हात, पाठीवर छातीचा भार, उतरला. पुन्हा भार. तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटणं चालू. आणि मग कधीतरी पाय पलीकडे गेलेला असतो, घोड्यालाही ते उशिरा कळतं.

मराठीत घोडे तयार करणाऱ्याला जुना शब्द आहे, चाबूकस्वार. इथे चाबकाचं काम नाही, पण शब्द वापरायला मोह होतो, कारण 'ट्रेनर' म्हटलं की व्यायामशाळा आठवते. या प्रसंगात डॉक्टरांनी बंदी घातलेला माणूस घोड्यावर बसतोय याची आपल्याला भीती वाटायला हवी. ती वाटत नाही, उलट त्याच्यासाठी सुटल्यासारखं वाटतं. तिथे झाओंनी आपल्याला नीट पकडलेलं असतं: आपणही त्याच्या मित्रांसारखेच 'चढ' म्हणत असतो.

बाप एवढा तुसडा का दाखवलाय?

तुसडा आहे, दारू पितो, जुगाराच्या यंत्रात पैसे घालतो. भाडं भरायला मुलाचा लाडका घोडा गस विकतो. पण त्याच्याकडे नीट बघा. पोराने ऐकावं म्हणून तो खेकसतो, कारण दुसऱ्या पद्धतीने कसं सांगायचं हे त्याला ठाऊक नाही. पुढे तोच मुलासाठी अपोलो नावाचा घोडा आणतो. घोड्यावर बसशील तर मरशील असं सांगणारा बाप घोडा आणून देतो! यात विसंगती आहे असं एकाने म्हटलं. मी म्हटलं, घरी दोन मुलगे आहेत ना तुमच्या, मग?

लेन स्कॉटला असं कॅमेऱ्यासमोर आणणं योग्य आहे का?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. लेन हा बैलावरच्या स्वारीतला उगवता तारा होता. चित्रपटात त्याची अवस्था रोडिओमुळे झाली असं दिसतं. प्रत्यक्षात तो मोटार अपघातात जायबंदी झाला. शरीर जवळजवळ निकामी, बोलता येत नाही, हाताच्या खुणांनी एकेक अक्षर सांगतो.

मला हे प्रसंग शोषणाचे वाटले नाहीत, आणि कारण सांगतो. दया दाखवायची असती तर कॅमेरा त्याच्या खुर्चीवर राहिला असता. तो राहतो त्याच्या चेहऱ्यावर, आणि लेन विनोद करतो. दोघे मिळून फोनवर लेनच्या जुन्या स्वाऱ्या बघतात. पुनर्वसन केंद्रात ब्रेडी त्याला खोगिरासारख्या बैठकीवर बसवतो, हातात लगाम देतो, 'डावीकडे घे, आता सोड' असं सांगत राहतो, आणि लेन जागच्या जागी घोडा पळवतो. अपघाताचं कारण बदलण्याबद्दल मात्र माझी कुरकुर आहे. खरे कारण ठेवलं असतं तरी काही बिघडलं नसतं. बदलल्यामुळे तो थोडासा धड्यातला दाखला झालाय.

चित्रपट फार संथ आहे का?

आहे. पहिली वीस मिनिटं सोसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

एवढं देखणं चित्रीकरण कमी पैशांत कसं जमलं?

खर्च सुमारे ८० हजार डॉलर सांगितला जातो, हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचा. मूठभर माणसांचं पथक. छायाचित्रण जोशुआ जेम्स रिचर्ड्स यांचं, संगीत नेथन हॅल्पर्न यांचं. दिवे फारसे नाहीत, म्हणून सूर्य उगवताना आणि मावळताना काम. क्षितिज खाली ठेवलंय, वर आभाळच आभाळ. पण घरातली दृश्यं पाहा: ट्रेलरच्या आत कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा नाही, चेहरे अंगावर येतात. बाहेर इतकी जागा आणि आत एवढीशी. ब्रेडी सारखा दाराकडे का जातो हे सांगायला मग संवाद लागत नाही.

पुरस्कार वगैरे?

मे २०१७ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथे 'आर्ट सिनेमा' पुरस्कार मिळाला. अमेरिकेत चित्रगृहांत आला एप्रिल २०१८ मध्ये. त्या वर्षीचा गॉथम पुरस्कार सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी, आणि अमेरिकेच्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सचाही. ऑस्करने नामांकनसुद्धा दिलं नाही. झाओंना ऑस्कर मिळालं ते २०२१ मध्ये, पुढच्याच 'नोमॅडलँड'साठी. माझ्या हिशेबाने एक चित्रपट उशिरा.

मुलांना दाखवावा का?

अमेरिकेत त्याला शिव्या आणि नशेच्या दृश्यांमुळे 'आर' प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच पाहायचा. घरात घोडा, कुत्रं, बैल असलेल्या मुलांना दाखवताना पुढचा प्रश्न आधी वाचा.

(गोष्ट फुटते) अपोलोचं काय होतं? आणि शेवटी ब्रेडी खेळत का नाही?

अपोलो काटेरी तारेत अडकतो, पाय जायबंदी होतो. ब्रेडी बंदूक घेतो, त्याच्याने होत नाही, वडील ते करतात. नंतर तो बहिणीला सांगतो त्याचा आशय असा: माझ्यासारखं जनावराला लागलं असतं तर त्याला कधीच संपवलं असतं, मी माणूस म्हणून मला जगावं लागतंय. काही जणांना हे वाक्य फार उघड वाटलं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना लिलीकडे बघितलं. लिलीला ऑटिझमच्या कुळातली अवस्था आहे. ती आडपडदा न ठेवता बोलते, स्वतःची गाणी रचून म्हणते. आडवळणाचं बोलणं तिच्यापुढे उपयोगाचं नाही. सगळ्या चित्रपटात ब्रेडी फक्त तिच्याशी उघड बोलतो, आणि म्हणून ते वाक्य तिथेच शोभतं.

शेवटी तो रोडिओला जातोच. तयारी करतो, घोड्याजवळ उभा राहतो. मग कुंपणापलीकडे वडील आणि लिली आलेले दिसतात. बाप थांबवायला आलेला नाही, बघायला आलाय. ब्रेडी खाली उतरतो. हे 'शहाणपण सुचलं' म्हणून वाचायचं असेल तर वाचा. मला तिथे शहाणपण दिसत नाही. आपला माणूस बघायला आला, तेवढं पुरलं, असं दिसतं.

आपल्याकडच्या माणसाला यात काय लागू पडतं?

दुसऱ्या खेळाला बैलगाडा शर्यतीतली दोन पोरं आली होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती अटींसह उठली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षं कित्येक घरांत शर्यतीची जनावरं दावणीला होती, पेंड खात होती आणि पळत नव्हती. त्यांतला एक म्हणाला, "आमचा खोंड सकाळी सहाला उठून उभा राहायचा. गाडा येणार म्हणून." यापलीकडे मी तुलना ताणत नाही. प्राण्यांच्या हालांचा प्रश्न इकडेही आहे, तिकडेही आहे, आणि त्यावर त्या रात्री हॉलमध्ये आवाज चढलेच.

भाषा समजेल का?

इंग्रजीच, पण माळावरची, ओठांतल्या ओठांत बोललेली. इंग्रजी उपशीर्षकं लावून पाहा, मी तसाच पाहिला. ओटीटीवर तो कधी असतो, कधी नसतो.

ब्रेडी जँड्रो आता काय करतो?

चित्रपटानंतर काही भूमिका केल्या, पण मूळ काम तेच, घोडे तयार करणं. स्पर्धेतला रोडिओ सोडला. घोड्यावर बसणं सोडलं नाही.

पुन्हा कधी दाखवणार?

बेंदराच्या आसपास, लग्नसराई संपून हॉल मोकळा झाला की. टांग्यावाल्या आजोबांनी पुढची खुर्ची आत्ताच सांगून ठेवलीय. त्यांना तो गोल कुंपणाचा प्रसंग दोनदा बघायचाय, दुसऱ्यांदा आवाज बंद करून.